दुसरी गोळी

गोळी बोटांत फिरली तेव्हा वर्लिन हॉगनला आधी वाटलं, आपलीच बोटं घसरली. गॅरेजातल्या बाकावर उरलेली काडतुसं तो फडक्याने पुसून डब्यात ठेवत होता. उडवलेल्या पुंगळ्यांत घरी पुन्हा भरलेल्या काडतुसांवर हाताचं तेल राहतं, ते पुसायचं असतं. बाहेर शेजारचा माणूस वाळक्या पानांवर वारा सोडणारं यंत्र फिरवत होता, आणि दक्षिणेकडून साखर कारखान्याचा, शिजणाऱ्या बीटचा ओला मातकट वास सगळ्या बिलिंग्ज शहरावर पसरला होता. ऑक्टोबर संपत आला की तो पसरतोच. वर्लिनने फडकं बाजूला ठेवलं, पितळी पुंगळी डाव्या मुठीत धरली आणि उजव्या हाताच्या चिमटीत गोळीचं टोक धरून पुन्हा पिळून पाहिलं. गोळी फिरली. बाटलीतलं जुनं बूच फिरावं तशी, आवाज न करता. मग त्याने गोळीचं टोक बाकाच्या कडेवर टेकवलं आणि काडतूस मागून अंगठ्याने रेटलं. नीट बसलेली गोळी अशी रेटली तर अंगठा दुखतो, गोळी हलत नाही. ही आत गेली. त्याने दुसरं काडतूस उचललं. तेही तसंच. तिसरं जरा अडलं, आणि मग तेही गेलं. शेजारचं यंत्र बंद पडलं. याच भरणीतली एक पेटी पहाटे मॅरिट घेऊन गेली होती.

मॅरिट म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. आईची बंदूक न्यायला ती अंधारातच आली होती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कॉफी प्यायली, आणि म्हणाली, "बाबा, चला ना. आई गेल्यावरची पहिली शिकार आहे. मी एकटी तिथे बसून काय करू?" तो म्हणाला, "माझा गुडघा." तिने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. गुडघा बरा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्याने पेटी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "सगळी तुझ्या आईच्या पुंगळ्यांतली आहेत. तिने वेगळ्या काढून ठेवल्या होत्या." मॅरिटचे डोळे भरून आले. तिने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. ती गेल्यावर तो बराच वेळ सिंकपाशी उभा होता. बायको, आर्डिस, गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला वाटलं होतं की आपल्या हातून एक गोष्ट बरोबर झाली. तेच समाधान अजून छातीत होतं. कोमट. तो सकाळभर त्यावरच चालला होता.

सैल गोळी म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पहिल्या बाराला काही होत नाही. पहिलं काडतूस मॅरिट हाताने नळीत घालते, आईने शिकवलं तसं. पण बार उडाला की बंदूक मागे झटका देते, आणि खाली मॅगझिनमध्ये थांबलेली काडतुसं पुढच्या पत्र्यावर आदळतात. घट्ट गोळी आदळली तरी जागेवर राहते. सैल गोळी आत सरकते. मग दारूला आत जागा कमी, आणि जागा कमी तसा दाब जास्त. त्यात या खेपेला त्याने दारू चढतीच घातली होती, कारण त्या उतारावर एल्क हरणं लांबूनच दिसतात असं मॅरिट म्हणाली होती. पुंगळी फाटली तर तापलेला वायू मागे येतो. मागे काय असतं? मागे गाल असतो. डोळा असतो.

त्याने फोन लावला. घंटा वाजलीच नाही, सरळ तिचा आवाज आला, नोंदवून ठेवलेला, हसरा. "मी मॅरिट. निरोप ठेवा, आणि थोडक्यात ठेवा. बाबा, हे तुमच्यासाठी आहे." तो म्हणाला, "मॅरिट, बार काढू नकोस. एकही नको. काडतुसं खराब आहेत." मग तो म्हणाला, "मी बोलतोय." त्या डोंगरात फोन लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. वनरक्षकांच्या कचेरीत फोन केला, तो एका बाईने उचलला. ती म्हणाली, "साहेब, आज हंगामाचा पहिला शनिवार. माझी तीन माणसं, आणि डोंगर सगळा. निरोप देईन, पण मिळेल याची हमी कशी देऊ?" तो म्हणाला, "तिने नारिंगी जाकीट घातलंय." बाई जरा मऊ आवाजात म्हणाली, "आज सगळ्याच शिकाऱ्यांनी घातलंय, साहेब."

लगेच निघायला हवं होतं. पण हात कामाला लागले. गोळ्याच बारीक आल्या असतील, असं त्याच्या मनात आलं. तसं असेल तर दुकानाचा दोष, आणि मॅरिटच्या पेटीतल्या कदाचित जुन्या खोक्यातल्या असतील. त्याने मायक्रोमीटर काढला. गोळ्या केसभरही कमी नव्हत्या. मग पुंगळीचा गळा आवळणारी डाय त्याने काडतुसं भरायच्या प्रेसवरून उतरवली. तिच्या आतला मणी मोजला, कारण मणी मोठा असला तर गळा ढिला राहतो. मणी बरोबर होता. एकेक दोष खोटा पडत गेला. दोष सापडत नाही तोवर तो कुणाचाही असू शकतो. गोळी नाही, डाय नाही. राहिली पुंगळी, आणि पुंगळीजवळ राहिला तो स्वतः.

कारण हाताला हे कळलं होतं. पिकअप महामार्गाला लागली तेव्हा ते त्याच्यापुढे सरळ येऊन बसलं. गोळी बसवताना प्रेसचा दांडा खाली ओढावा लागतो, आणि गोळी गळ्यात शिरते तेव्हा दांड्यातून मनगटाला एक विरोध जाणवतो, ताज्या पावात सुरी शिरताना जाणवतो तेवढाच. या खेपेला तो नव्हता. दांडा आपसूक खाली येत होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्यालाच काही जाणवेनासं झालंय. जेवणाची चव जाणवत नव्हती, शॉवरचं पाणी गरम की गार ते अंगावर घेईपर्यंत कळत नव्हतं, तसंच हेही. म्हणून त्याने काय केलं, तर पुंगळीच्या तोंडाला मुरड घातली. जास्त घातली. प्रत्येक काडतुसाचा काठ त्याने गोळीभोवती असा आवळला की पितळावर चकाकती रेघ उठली, आणि ती रेघ पाहून त्याला बरं वाटलं.

"मुरड म्हणजे गाठ नव्हे, वर्लिन," आर्डिस म्हणायची. ती दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामात होती, आणि काडतुसं भरायला वर्लिनला तिनेच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात. तिच्या माहेरी बायका हे करत. "आवळलंस की आतलं शिसं दबतं, ते दबलेलंच राहतं. पितळ मात्र पुन्हा फुलतं. म्हणजे मध्ये काय उरलं? हवा. गोळी धरतो तो गळा धरतो, काठ नाही." तो मुद्दाम म्हणायचा, "हो, मास्तरीणबाई." त्यावर ती म्हणायची, "हसू नकोस. कवळी आणि गोळी, सैल बसली की माणसाची चारचौघांत फजिती." प्रत्येक काडतूस ती बाकाच्या कडेवर रेटून बघायची. एकही सोडायची नाही. तिच्या अंगठ्यावर हंगामभर काडतुसाच्या बुडातल्या टोपीचा गोल वळ असायचा. या वर्षी वर्लिनने रेटून पाहिलं नाही. ते तिचं काम होतं. ती जागा बाकावर तशीच मोकळी राहिली होती आणि तिथे हात न्यायला त्याचं मन झालं नव्हतं.

पुढे बीटने भरलेला ट्रक होता. रस्ता दुपदरी झाला होता, समोरून गाड्यांची रांग लागलेली, आणि ट्रक आपल्या चालीने चालला होता. खड्डा आला की एखादं बीट वरून घरंगळून रस्त्यावर पडायचं आणि पिकअपच्या चाकाखाली फुटायचं. सगळं आयुष्य त्याने त्याच बीटवर काढलं होतं, कारखान्याच्या पट्ट्यांना आणि बेअरिंगांना तेल घालण्यात. ट्रकवाल्याला शिव्या द्याव्या तर तो कदाचित ओळखीचा निघायचा. सूर्य उजवीकडून काचेत येऊ लागला होता. एल्क दुपारी झाडीत बसून राहतात आणि ऊन कलल्यावर उतारावर येतात. मॅरिटने सकाळी बार काढला असेल तर जे व्हायचं ते होऊन गेलं. काढला नसेल तर ऊन कलेपर्यंत वेळ आहे. तो स्वतःशीच म्हणाला, "ऊन कलेपर्यंत." आणि मग पुंगळ्यांचा विचार आला.

निळा कॉफीचा डबा. वसंतात, बर्फ वितळताना, तो त्याला बाकाखाली सापडला होता. आत धुऊन लखलखीत केलेल्या पुंगळ्या. तो डबा मांडीवर घेऊन तो गॅरेजच्या जमिनीवर बसला होता. पितळाचं असं असतं की दर बाराला ते थोडं ताठर होतं. मग गळा कितीही आवळा, तो हट्टी माणसासारखा पुन्हा आपल्या जागी येतो, गोळीला धरत नाही. म्हणून आर्डिस काही बारांनंतर पुंगळ्यांचे गळे ज्योतीवर तापवून नरम करी. तापवून तापवूनही ज्या दमल्या, त्या ती बाद करी, आणि बाद केलेल्या प्रत्येक पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपून टाकी, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती पुन्हा भरू नये. तिच्या बापाचीही तीच रीत होती. हिवाळ्यात घरात टीव्ही बघताना गॅरेजातून तो आवाज यायचा, कट्, कट्. चेपलेली ती बाद, उघड्या तोंडाची ती चांगली. हे त्या घरात इतकं पक्कं होतं की त्यावर विचार करायचं कारण नव्हतं. डब्यातल्या सगळ्या पुंगळ्यांची तोंडं गोल, उघडी होती. म्हणजे चांगल्या. म्हणजे आर्डिसने त्याच्यासाठी मागे ठेवलेल्या. डबा त्याने छातीशी धरला होता.

पण मग गेल्या वर्षीचा हिवाळा आठवत गेला. आर्डिस कोट घालून गॅरेजात बसलेली, पायाशी हीटर. "काय करतेस थंडीत?" "निवडतेय." "आत आण ना डबा." "तुझ्या टीव्हीपुढे? नको." तो आत आला, आणि टीव्हीपुढे बसला, आणि आवाज आला नाही. कट् आलाच नाही. तेव्हा त्याला तो न आलेला आवाज ऐकू आला नव्हता, आता येत होता. तिच्या समोर पक्कड होती. तिने पक्कड हातात घेतली होती, ठेवली होती, दुसऱ्या हातात घेतली होती. दारातून जाताना त्याने ते पाहिलं होतं आणि त्याचा काही अर्थ लावला नव्हता. तिच्या हातांत बळ राहिलं नव्हतं. त्या बाद पुंगळ्या होत्या. तिने त्या बरोबर निवडल्या होत्या, धुतल्याही होत्या, कारण भंगारातही ती काही मळकं टाकत नसे. फक्त तोंडं चेपायची राहिली होती. आणि ती राहिलेली गोष्ट त्याने उचलली, तिच्यात दारू भरली, वर मुरड घातली आणि लेकीच्या हातात दिली.

समोरून येणाऱ्या गाडीने दिवे उघडझाप केले तेव्हा त्याला कळलं की आपण ट्रकच्या शेजारून, उलट्या बाजूने चाललो आहोत. त्याने पाय तसाच दाबून धरला. ट्रकवाल्याचा भोंगा बराच वेळ मागे ऐकू येत होता.

पायवाट जिथे सुरू होते तिथल्या मैदानात मॅरिटची हिरवी पिकअप उभी होती. रिकामी. सीटवर तिचा फोन उपडा पडलेला. पलीकडे एक दाढीवाला माणूस आपल्या गाडीचं मागचं फळकूट पाडून, त्यावर स्टोव्ह ठेवून सूप ढवळत होता.

"या गाडीतली मुलगी पाहिलीत? नारिंगी जाकीट."

"बसा काका, सूप घ्या. सगळ्यांचंच नारिंगी."

"मॅरिट. उंच आहे. आईची बंदूक आहे तिच्याकडे."

"बंदुकीच्या आईशी माझी ओळख नाही," दाढीवाला म्हणाला; मग त्याने वर्लिनचा चेहरा पाहिला आणि चमचा खाली ठेवला. "एक पोरगी त्या ओढ्याच्या बाजूने वर गेली खरी. सकाळी. का? घरी काही झालं का?"

"सकाळपासून बार ऐकलात?"

"या बाजूला नाही."

म्हणजे अजून नाही. वर्लिन ओढ्याकडे वळला. वाट चढणीची होती आणि वर कुठे जाते ते झाडीत दिसत नव्हतं. उतारावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि त्यावर तिरपं ऊन आलं होतं, एल्क बाहेर येतात तसलं. तो पाच-पन्नास पावलं गेला असेल. मग बार झाला.

एकच. डोंगराने तो घेतला, दुसऱ्या डोंगराला दिला. वर्लिन होता तिथे थांबला. शिकारी माणसाचा कान बारानंतर दुसऱ्या बाराची वाट बघतो. एक बार म्हणजे मांस. दुसरा आला तर नेम हुकला किंवा जनावर नुसतं जखमी झालं. आर्डिस एका बारात काम संपवायची, मॅरिट नाही. मॅरिट दुसरा काढते. आत्ता ती बोल्ट मागे ओढत असेल. तापलेली पुंगळी बाहेर पडत असेल. खालून दुसरं काडतूस वर येत असेल, पत्र्यावर आदळलेलं. बोल्ट पुढे. गाल दस्त्यावर. तो ओरडला, "मॅरिट!" पण आवाज म्हातारा निघाला, ओढ्याच्या खळखळाटापलीकडेही गेला नसेल. तो मागे फिरला आणि पळाला. गुडघा खरोखरच दुखला. पिकअपचं दार उघडून, आत न बसताच, त्याने दोन्ही हात हॉर्नवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला.

शिकारीच्या डोंगरात माणूस गाडीचं दारसुद्धा हळू लावतो. दाढीवाल्याच्या हातातला वाडगा सांडला. "अहो! वेड लागलं का? अख्ख्या दरीतली जनावरं पळतील!"

"पळू देत!"

"म्हातारबा, मी रजा टाकून आलोय!" त्याने वर्लिनचं मनगट धरून ओढलं. वर्लिनने एक हात सोडवू दिला आणि दुसरा कोपरापर्यंत दाबला. वरच्या कड्याशी झाडी हलली, फांद्या मोडल्या, तपकिरी पाठींची एक रांगच्या रांग उतार कापत पलीकडे गेली. कुठून तरी दुसरा कुणी शिवी देऊन ओरडला. हॉर्न चालूच होता. हॉर्न चालू आहे तोवर आपल्याला दुसरा बार ऐकू येणार नाही, हे वर्लिनच्या ध्यानात आलं, आणि तरी त्याला कोपर उचलवेना. तो डोळे त्या वाटेवर लावून वाकून उभा राहिला. वाट रिकामी होती. खूप वेळ रिकामी होती. मग झाडीत नारिंगी ठिपका दिसला. ठिपका चालत होता. मग पळू लागला.

त्याने हात काढला तरी कानांत हॉर्न वाजतच होता. मॅरिट समोर येऊन उभी राहिली, तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो तिचा चेहरा बघत होता. दोन्ही डोळे. लाल झालेले, रागाने मोठे झालेले. दोन्ही.

"... तुम्ही? मला वाटलं कुणी मेलं! उभा होता तो एल्क, बाबा! पहिली माझी हुकली, तरी मान वर करून उभा होता. चापावर बोट होतं माझं!"

"बंदूक दे."

"आधी सांगा काय झालं."

"नळी खाली ठेव, आणि दे."

त्याने बोल्ट हळूच मागे ओढला. काडतूस त्याच्या तळहातावर आलं. गोळी पार आत गेली होती. कासवाने मान ओढून घ्यावी तसं तिचं नुसतं टोक दिसत होतं. मॅरिटने ते पाहिलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती आर्डिसची मुलगी होती. ती पिकअपच्या पायरीवर बसली. भांडायला पुढे आलेला दाढीवाला त्यांच्या खांद्यावरून डोकावला, "बाप रे," म्हणाला आणि आपल्या स्टोव्हकडे परत गेला. थोड्या वेळाने त्याने न विचारता सूपचे दोन पेले आणून ठेवले.

"निळ्या डब्यातल्या का पुंगळ्या?" मॅरिटने विचारलं.

"हो. तोंडं चेपलेली नव्हती. मला वाटलं, चांगल्या."

"तिला पक्कड दाबता येत नव्हती, बाबा."

"कळलं ते. आज, रस्त्यात."

मॅरिट पेल्याभोवती हात धरून बसली. "मला तेव्हापासून माहीत होतं. मी रविवारी यायचे ना, तेव्हा बरण्यांची सगळी झाकणं सैल करून ठेवायचे. म्हणजे तुमच्यादेखत तिला ती उघडता येतील. तीच म्हणाली होती, त्याला कळू देऊ नकोस."

वर्लिनला त्या बरण्या आठवल्या. लोणच्याची बरणी आर्डिस टेबलावर सहज उघडायची, आणि त्याच्याकडे सरकवायची. तो काकडी घ्यायचा आणि म्हणायचा, तुझे हात अजून तसेच आहेत बघ. ती म्हणायची, आहेतच मुळी.

"मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"सांगून काय केलं असतंत तुम्ही?" मॅरिटचा आवाज चढला, आणि मोडला. "डॉक्टरांना काही करता आलं नाही. तुम्ही काय केलं असतंत?"

तो खरंच विचार करू लागला. ऊन उतारावरून निघून चाललं होतं आणि दरीत एकही जनावर उरलं नव्हतं. हातातलं सूप निवत होतं.

"मी चेपून दिल्या असत्या," तो म्हणाला.